फोनचं व्यसन की नुसता चाळा? ओळखायचं कसं आणि हात आवरायचा कसा?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. या विषयावरचे जुने धागे चाळले, पण बहुतेक ठिकाणी चर्चा ‘आजकालची पिढी’वर घसरते आणि तिथेच संपते. म्हणून नेमके प्रश्न विचारते.

१. फोन रोजचा वापर सहा तासांच्या आसपास दाखवतो. पण त्यात कामाचे निरोप, नकाशा, बँकेचे व्यवहार, वाचन सगळंच आलं. मग जास्त म्हणजे किती? ‘व्यसन’ हा शब्द कधी लावायचा?
२. ॲपवर वेळेची मर्यादा लावली, की ती संपताच ‘आजच्यापुरतं राहू दे’ असं बटण येतं आणि बोट आपोआप तिकडे जातं. ॲप काढून टाकलं तर तेच ब्राउझरमधून उघडलं जातं. न सुटणारं असं काही लावता येतं का?
३. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. फोन काढून घेतला की घर डोक्यावर घेतो. त्याच्याशी कसं वागावं?

‘मनावर ताबा ठेवा’ आणि ‘एखादा छंद जोपासा’ हे सोडून काहीही सांगा.

मनकवडा

समुपदेशनाच्या बाजूने पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तासांचा आकडा आधी बाजूला ठेवा. आठ तास फोनवर काम करणारा माणूस ठणठणीत असू शकतो आणि दोन तासांवाला अडकलेला असू शकतो. ‘स्मार्टफोनचं व्यसन’ असं स्वतंत्र निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नाही. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या त्याच्या आयसीडी-११ या आवृत्तीत आहे तो गेमिंगचा विकार. त्याचे तीन निकष मात्र फोनलाही पट्टी म्हणून लावता येतात. कधी, किती वेळ, कुठे थांबायचं यावर ताबा राहत नाही. बाकीच्या गोष्टी मागे पडत जाऊन हीच पुढे येते. आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं, किंबहुना वाढतं. निदानासाठी हे साधारणपणे १२ महिने टिकलेलं असावं लागतं, म्हणजे परीक्षेनंतरच्या सुट्टीतले पंधरा दिवस धरायचे नाहीत.

तिन्हींत महत्त्वाचा तिसरा. नुकसान कुठे शोधायचं? झोप, काम किंवा अभ्यास, आणि समोरची माणसं. ‘अकराला झोपायचं’ ठरवून अंथरुणात पडल्यावर प्रत्यक्ष दिवा कधी बंद होतो, हातातलं काम किती वेळा अर्धवट सुटतं, जेवताना कुणी काही विचारलं तर ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं का, हे बघा. याशिवाय दोन खुणा: वापराबद्दल खोटं बोलणं (फोन घेऊन न्हाणीघरात जाणं यातच आलं), आणि कमी करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं.

स्वतःला तपासायला एक छोटी प्रश्नावली आहे. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात किशोरवयीन मुलांसाठी बनवलेली स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची लघु आवृत्ती. १० विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण, म्हणजे एकूण १० ते ६०. मूळ अभ्यासात मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही सीमा धरली होती. ही चाळणी आहे, निदान नव्हे. ४० आले म्हणून घाबरू नका आणि २५ आले म्हणून निश्चिंतही होऊ नका.

माझ्या मते याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पाच दिवसांची नोंद, त्यात एक दिवस सुट्टीचा. कागदावर चार रकाने करा: किती वाजता, कुठे होते, फोन उचलण्याच्या आधीच्या क्षणी काय वाटत होतं, आणि कशामुळे बाहेर आले. तिसरा रकाना भरताना लोक ‘काही नाही, सहज’ असं लिहितात. तेव्हा एवढंच आठवा, की त्याआधीच्या मिनिटाला हातात काय होतं. बहुतेकदा एखादं किचकट काम, न आवडणारा फोन करायचा राहिलेला, नाहीतर निव्वळ रिकामी पाच मिनिटं निघतात. नोंद फोनमध्ये ठेवू नका. नोंदीसाठी उघडलेला फोन भलतीकडेच जातो.

जोडीला फोनमधले दोन आकडे घ्या. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये दिवसाभरात फोन किती वेळा उचलला आणि उचलल्यावर पहिलं कोणतं ॲप उघडलं, हे दिसतं. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये किती वेळा अनलॉक केला आणि कोणत्या ॲपकडून किती सूचना आल्या, तेही दिसतं. सहा तासांपेक्षा ‘पहिलं ॲप’ कितीतरी जास्त बोलकं असतं. तेच तुमचं दार आहे. बाकीची ॲप्स त्यातून आत आल्यावर लागतात.

खटपट्या

मनकवडांशी सहमत. दुसरा प्रश्न माझ्याकडे.

मर्यादा टिकत नाही कारण कुलूप आणि किल्ली एकाच खिशात आहेत. किल्ली दुसऱ्याकडे द्या.

आयफोन: ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन त्या सेटिंग्जना वेगळा पासकोड लावा. तो घरातल्या दुसऱ्या माणसाने टाकायचा, तुम्ही बघायचा नाही. पासकोड विसरल्यास सोडवण्यासाठी फोन ॲपल खातं विचारतो. तिथे तुमचं खातं दिलंत तर पळवाट तयार, म्हणून पासकोड ठेवणाऱ्याने स्वतःचं द्यावं. मग ‘ॲप लिमिट्स’मध्ये मर्यादा घालताना ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ चालू करा. हे न केल्याने दुर्लक्ष करायचं ते बटण येत राहतं, आणि बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. पासकोड लावल्याशिवाय हा पर्याय कामाचा नाही.

ॲप काढून टाकणार असाल तर त्याच विभागातल्या ‘कंटेंट अँड प्रायव्हसी’मधून नवीन ॲप्स टाकणं बंद करा. नाहीतर रात्री अकराला काढलेलं ॲप सकाळी सातला परत आलेलं असतं. ब्राउझरचं दारही तिथेच बंद होतं: वेब कंटेंटमध्ये ‘कधीच परवानगी नाही’च्या यादीत त्या साइटचा पत्ता घाला.

अँड्रॉइड: ‘डिजिटल वेलबीइंग’च्या टायमरला सहसा पासवर्ड नसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन-तीन टिचक्यांत तो उडवता येतो, त्यामुळे त्याला अडसर म्हणून धरू नका, आठवण म्हणून ठीक आहे. अडसर हवा असेल तर तीन गोष्टी एकदम करा. ॲप काढा. ब्राउझरमध्ये त्या खात्यातून लॉगआउट होऊन जतन केलेला पासवर्ड पुसा. आणि नवा पासवर्ड वीसेक अक्षरांचा, अर्थहीन ठेवून कागदावर लिहून दुसऱ्या खोलीत ठेवा. खातं बंद करायची गरज नाही. उघडायला दोन सेकंदांऐवजी तीन मिनिटं लागली, की बहुतेक वेळा मधेच ‘जाऊ दे’ होतं. ॲप उघडण्याआधी दहा-पंधरा सेकंद थांबवणारी ॲप्सही मिळतात, त्यांचं तत्त्व हेच.

सूचना: नियम एकच. माणसाने तुम्हाला उद्देशून पाठवलेलं वाजेल, यंत्राने पाठवलेलं वाजणार नाही. अमक्याने फोटो टाकला, तमक्याला आवडला, सेल संपतोय, हे सगळं यंत्राचं. सगळी यादी एका बैठकीत साफ करायला बसू नका, कंटाळून अर्धवट सोडाल. येईल ती सूचना तिथल्या तिथे दाबून धरा आणि बंद करा. आठवड्याभरात यादी आपोआप छाटली जाते. ॲपच्या चिन्हावरचे लाल ठिपकेही घालवा, ते आवाज न करता बोलावतात.

पण फोन सरसकट मूक करू नका. कुणाचा महत्त्वाचा फोन आला असेल या धास्तीने उलट जास्त वेळा बघितला जातो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठरावीक माणसांचे कॉल येऊ द्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलची सवलत चालू ठेवा. त्याच माणसाने आयफोनवर ३ मिनिटांत, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. हे माहीत असलं की धास्ती कमी होते.

यूट्यूबपुरतं सांगायचं तर पाहिल्याचा इतिहास पुसा आणि थांबवा. मुखपृष्ठावरच्या शिफारशी गायब होतात, शोधून काढाल तेच दिसतं. ऑटोप्ले बंद करा. एवढ्याने शिकण्याचे व्हिडिओ राहतात आणि वाहवत जाणं कमी होतं.

भिंगरी

@खटपट्या, वाचनखूण साठवली. पडद्यावरचे रंग घालवून तो करडा करण्याबद्दल काही लिहिलं नाहीत?

खटपट्या

@भिंगरी, उपयोग होतो, पण जेवढा गाजावाजा आहे तेवढा नाही. फोटो आणि छोट्या व्हिडिओंची ओढ कमी होते, बातम्या आणि गप्पांच्या गटांवर काडीचा परिणाम होत नाही. नकाशातला वाहतुकीचा लाल-हिरवा कळेनासा झाला की लोक वैतागून ते कायमचं काढून टाकतात. म्हणून ॲक्सेसिबिलिटीच्या शॉर्टकटवर ठेवा. आयफोनवर बाजूचं बटण तीनदा दाबलं की रंग येतात-जातात. अँड्रॉइडवर ‘बेडटाइम मोड’ला जोडून रात्रीपुरतं ठेवणं जास्त शहाणपणाचं.

विसंवादी

खटपट्यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, आणि नुसतं तेवढंच केलं तर ते नव्याचे नऊ दिवस ठरेल. एक ॲप बंद झालं की हात दुसरं शोधतो. रील्स गेल्या की बातम्या, बातम्या गेल्या की खरेदीची ॲप्स, तीही गेली की लोक चक्क हवामान बघत बसतात. फोन हे त्या क्षणीच्या कंटाळ्याचं किंवा टाळाटाळीचं उत्तर आहे. प्रश्न तसाच ठेवून उत्तर काढून घेतलं तर नवं उत्तर येणारच.

हात का वळतो ते आधी बघा. बक्षीस दर वेळी मिळत नाही, अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळतं, तेव्हा सवय सगळ्यात चिवट होते. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरं दाण्यांसाठी कळीवर चोच मारत. असे अधूनमधून मिळणारे दाणे थांबल्यावरही ती बराच काळ चोच मारत राहत. फोन उघडला की दहात नऊ वेळा काही नसतं आणि एकदा काहीतरी भन्नाट असतं. त्या एका वेळेसाठी बाकीच्या नऊ. दुसरं म्हणजे न संपणारी यादी. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, तिथे ‘आता पुरे’ हा निर्णय कागदच घेतो. अखंड सरकणाऱ्या पडद्यावर तो दर क्षणी तुम्हाला घ्यावा लागतो, आणि थकलेल्या माणसाला तो घेता येत नाही. म्हणून रात्रीचं वाहवत जाणं सगळ्यात जास्त.

आता उपाय. मनकवडांच्या नोंदीतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या दोनच प्रसंगांसाठी ‘जर-तर’ वाक्य लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. वाक्य जितकं ठोस तितकं चांगलं. ‘फोन कमी बघेन’ याला काही अर्थ नाही. ‘अहवाल लिहिताना अडले, तर खुर्चीतून उठून पाणी पिऊन येईन आणि अडलेलं वाक्य कागदावर लिहीन’ हे चालतं. ‘रांगेत उभी असेन तर फोन पिशवीतच राहील’ हेही चालतं. पर्यायी कृती दोन मिनिटांत संपणारी हवी आणि त्याच जागी करता येणारी हवी. गिटार शिकेन वगैरे तिथे कामाचं नाही, कारण रिकामी जागा पाच मिनिटांची आहे.

ऊर्मी आली की तिच्याशी झटापट करू नका. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. घड्याळात दहा मिनिटं बघा. छातीत, बोटांत काय होतंय तिकडे लक्ष द्या, हात शिवशिवतील. दहा मिनिटांनंतरही हवंच असेल तर बघा, पण उभ्याने बघा. पहिले काही दिवस ऊर्मी वाढल्यासारखी वाटते, चिडचिड होते, खिशात फोन थरथरल्याचा भास होतो. बरेचजण इथेच ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. मिळणारं बक्षीस बंद झालं की वागणूक विझण्याआधी बऱ्याचदा उसळी मारते.

‘२१ दिवसांत सवय’ हे विसरा. लंडनमधल्या एका अभ्यासात (२०१०) नवी साधी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस इतका निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. चुकलेल्या दिवशी सगळे नियम गुंडाळून ‘येरे माझ्या मागल्या’ करणं, बिघडतं ते त्याने.

आणि फोन झोपण्याच्या खोलीबाहेर. यावर मी तडजोड मान्य करत नाही. गजराचं साधं घड्याळ घ्या, कारण ‘गजर लावायला लागतो’ ही पळवाट सगळ्यात मोठी. अडीअडचणीचा फोन येईल ही भीती असेल तर बाहेरच्या खोलीत आवाज पूर्ण मोठा ठेवा आणि वर सांगितलेली ठरावीक माणसांची सवलत लावा. निळ्या प्रकाशाचे चष्मे, पिवळा पडदा यांवर वेळ घालवू नका. जागं ठेवतो तो बहुतांशी मजकूर.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, नोंद आजपासून सुरू. दोन शंका. कामाच्या गटांवर दिवसभर निरोप येतात, ते बंद ठेवता येत नाहीत. आणि मुलाबद्दल कुणीच बोललं नाही!

आडवाट

मुलाबद्दल मी लिहितो. किशोरवयीन मुलांबरोबर काम करताना पालकांकडून हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी सांगतो.

आधी तो फोनवर काय करतो ते शोधा. हेरगिरी करू नका, शेजारी बसून विचारा. गेम, मित्रांशी गप्पा आणि एकट्याने रील्स बघत पडणं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मित्र गेममध्येच भेटत असतील तर फोन काढून घेणं म्हणजे त्याची पूर्ण टोळी काढून घेणं. तो घर डोक्यावर घेतो त्यातला बराच भाग हा असतो.

ऑनलाइन सामने मधेच थांबवता येत नाहीत. सामना सोडला तर अनेक गेममध्ये खेळाडूला दंड बसतो आणि संघातले मित्र चिडतात. त्यामुळे ‘पाच मिनिटांत बंद कर’ याने भांडणच होतं. ‘हा सामना संपला की जेवायला’ म्हणा, आणि एक सामना किती मिनिटांचा असतो ते त्यालाच विचारा. तो २५ मिनिटांचा असेल तर जेवणाआधी अर्ध्या तासात नवा सुरू करायचा नाही, हा नियम त्याच्याकडूनच वदवून घ्या.

नियम शांत वेळी ठरवा, भांडणात नाही. तीनच ठेवा: जेवताना फोन नाही, अभ्यासाच्या ठरलेल्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत, रात्री ठरावीक वेळेनंतर सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे आई-वडिलांचेही. इथे सूट घेतलीत की नियम संपला. मोडल्यास काय, तेही आधीच लिहा आणि छोटं ठेवा: दुसऱ्या दिवशी एक तास कमी. ‘महिनाभर जप्त’ ही शिक्षा तिसऱ्या दिवशी तुम्हालाच पेलत नाही.

देखरेखीचं ॲप लावणार असाल तर सांगून लावा. गुपचूप लावलेलं कधी ना कधी सापडतं, आणि मग मूल लपवायला शिकतं. मुलांच्या नेहमीच्या पळवाटा: फोनची वेळ बदलणं, कपाटातला जुना फोन, पाहुण्यांसाठीचं प्रोफाइल, दुसऱ्या ॲपच्या आतला ब्राउझर, अभ्यासाचा लॅपटॉप. एक बुजवली की दुसरी निघते, म्हणून कुलपाच्या भरवशावर राहू नका.

काही दिवसांची चिडचिड, दारं आपटणं गृहीत धरा. पण शाळेत जाणं बंद झालं, दिवस-रात्र उलटी झाली, मारहाण झाली, गेममध्ये न विचारता पैसे गेले, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर नियमांचा खेळ थांबवून मनोविकारतज्ज्ञांना भेटा. शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी. फोन सोडवणारं औषध नसतं. बोधात्मक वर्तन उपचार (विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी सत्रं) आणि कुटुंबासोबतची सत्रं असतात. पण खाली नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल तर त्यावर औषधं आहेत, आणि ते सापडल्याशिवाय फोनचं कोडं सुटत नाही. मोठ्यांनाही हेच लागू: दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर आधी तो धागा पकडा.

खटपट्या

@पाऊलवाट, कामाच्या गटांचं: गट कायमचे म्यूट करा, पण तुमच्या नावाने कुणी हाक मारली तर सूचना येते का, ते तुमच्या ॲपमध्ये तपासून घ्या. तातडीचं असेल तर फोन करा, असं सहकाऱ्यांना एकदा स्पष्ट लिहून टाका. कॉलला आणि निरोपांना वेगळे आवाज लावा. गट बघायच्या वेळा ठरवा, दर तासाची पहिली पाच मिनिटं वगैरे, आणि शक्य असेल तर ते संगणकावरच उघडा. संगणकावर निरोप वाचून झाला की शेजारी रील्स नसतात.

फरक पडतोय का ते रोज बघू नका, आठवड्याची आठवड्याशी तुलना करा: फोन किती वेळा उचलला, पहिलं ॲप कोणतं, रात्रीचा शेवटचा वापर किती वाजता. आयफोन असेल तर ‘शेअर अक्रॉस डिव्हायसेस’ बंद करा, नाहीतर टॅबलेटवरचं वाचनही त्याच बेरजेत येतं आणि सगळा हिशेब चुकतो.